माशाच्या नावातला ई

या लेखात कोणाचंच नाव येणार नाही. सभ्यपणा वगैरे काही नाही त्यात. नावं देण्याच्या कामात माझा हात किती वाईट आहे ते आमच्या कॉलेजात सगळ्यांना कळून चुकलंय, म्हणून. आयुष्यात एकदाच एका जिवाला नाव द्यायची वेळ आली आणि मी माती खाल्ली.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. राहायला डोंबिवलीला, मानपाडा रोडला. विषय मासे. घरी मात्र अंडंसुद्धा चालत नाही, त्यामुळे मासा मला भेटलाय तो कायम बरणीत, स्पिरिटमध्ये, गळ्यात लेबल बांधलेला. पोहता येत नाही. बोटीत बसलो की मळमळतं. एवढ्या भांडवलावर मी मत्स्यतज्ज्ञ म्हणवून घेत होतो, आणि कोणी हरकतही घेतलेली नव्हती.

लॅबमध्ये आमच्या मावशी. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे बरण्या धुणं, स्पिरिट बदलणं, मुलांनी अर्धवट कापून टाकलेलं आवरणं आणि माझ्या शिव्या खाणं. बाळकुमच्या जुन्या गावठाणातली ख्रिस्ती बाई. आता तिथे टॉवरच टॉवर झालेत, पण त्यांच्या मागे क्रूस आहे आणि क्रुसामागे हिचं घर. बाप खाडीत जाळं टाकायचा आणि रविवारी चर्चमध्ये गायचा. मी तिला "मावशी" म्हणायचो, ती मला "सर". बावीस वर्षं हे असंच चाललेलं. तिचा नवरा एका कंपनीतून निवृत्त झालेला. तो कोणी विचारलं की सांगायचा, "आमची बाई मेलेल्या माशांना आंघोल घालायला जाते." हे तिनेच मला सांगितलं होतं, हसत. मीही हसलेलो.

तर एक दिवस लक्षद्वीपहून बरणी आली. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता सर्वेक्षणाच्या जहाजावर असते. तिथल्या खोल प्रवाळातून, जिथे दिवसाचा उजेड जेमतेम पोचतो, नऊ मासे वर आले होते. बोटाएवढे. सोबत चिठ्ठी: "सर, जात कुठली ते बघाल का? इथे कोणाला वेळ नाही." मला वेळच वेळ होता. एका दुपारी मी पुस्तक उघडलं, चित्राशी ताडून पाहिलं, नवाच्या नवांना एका जुन्या, माहितीच्या जातीचं लेबल लावलं आणि चहाला गेलो.

पंधरा दिवसांनी स्पिरिट बदलताना मावशी म्हणाली, "सर, ह्यातले चार वेगले हायत."

तिच्या बोलण्यात ळ कधी नव्हताच. मी वर बघितलं. तिने नऊ मासे दोन ट्रेमध्ये वेगळे मांडलेले, पाच आणि चार.

"तुम्हाला कोणी सांगितलं हात लावायला?"

"ह्यांच्या ओठावर खवले हायत. त्या पाचांचे ओठ गुलगुलीत. अंगठा फिरवून बघा."

माझं डोकंच फिरलं. मी पीएचडी, मी गाईड, मी बोर्ड ऑफ स्टडीजवर, आणि मला अंगठा फिरवायला सांगतायत! "मावशी, हा बाजार नाही," असं मी म्हणालो. म्हणालो म्हणजे ओरडलोच. मग तिला खोटं पाडायचं म्हणून मायक्रोस्कोप लावला. चौघांच्या वरच्या ओठावर खवल्यांच्या बारीक रांगा, अगदी टोकापर्यंत. पाचांच्या ओठावर काही नाही. मी लेन्स पुसून पुन्हा बघितलं, मग बल्ब बदलून बघितलं.

बोंबला. असा ओठ कुठल्याच पुस्तकात नव्हता, जात नवी होती.

पुढची दोन वर्षं आम्ही ते चार मासे मोजले. नवी जात सापडली म्हणजे कोणी टाळ्या वाजवत नाही, मोजायला बसवतं. परावरचे काटे मोजा, अंगावरच्या रेषेवरचे खवले मोजा, डोळ्याचा व्यास, शेपटीचा बुडखा, सगळं व्हर्नियरच्या मोजपट्टीने. मग जगभरच्या संग्रहालयांना पत्रं लिहा की तुमच्याकडच्या जुन्या नमुन्यांच्या ओठांचे फोटो पाठवा. लोकांना वाटलं असेल, हा माणूस कामातून गेला. मी सुईने एकेक खवला मोजत अठ्ठावीस म्हणायचो. मावशी शेजारी उभी राहून सत्तावीस म्हणायची. पुन्हा मोजले की सत्तावीसच भरायचे. माशाचा रंग विद्यार्थिनीच्या फोटोत झकास गुलाबी, डोळ्याखाली पिवळा पट्टा. बरणीत आला तेव्हा उकडलेल्या बटाट्यासारखा पांढराफट झालेला. तरी मी ठोकून दिलं, "जिवंतपणी गुलाबी."

मग नावाचा प्रश्न आला. शास्त्रातलं नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे आडनावच म्हणा. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. हा दुसरा शब्द ज्याने वर्णन केलं त्याने द्यायचा. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून आठवण करून दिली की संस्थेच्या अध्यक्षांची पंचाहत्तरी जवळ आलीय. मी म्हटलं, "सर, मासा फारच लहान आहे हो. साहेबांना शोभणार नाही." माझ्या नोकरीतलं हे एकमेव शौर्य. जरा सविस्तर सांगतो ते त्यासाठी.

नाव मावशीचं द्यायचं मी ठरवलं होतं. अकरा शोधनिबंध छापले माझे, आणि अकराहीत शेवटी एकच ओळ: "प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार." कर्मचारी म्हणजे ही एकटीच. मी तिला सांगितलं तेव्हा ती बरणी विसळत होती.

"माझं नाव? माशाला?"

"हो."

"कागदावर?"

"जगात जिथे जिथे हा मासा लिहिला जाईल तिथे तिथे."

"किती दिवस?"

"कायमचं. ते बदलत नाही."

"मी मेल्यावर पन?"

"तेव्हापण."

तिने नळ बंद केला आणि स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत तिला लॅबमध्ये बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाली, "घरी सांगते. ह्यांना कलू दे, मी हितं काय करते ते." आणि हसली. या वेळी मला हसू आलं नाही, मी उगाच व्हर्नियर पुसत बसलो.

आता लिहायला घेतलं तर तिचं नाव हवं. ऑफिसातल्या क्लार्कला विचारलं. मस्टरवर एक इनिशियल आणि आडनाव. आडनाव जुन्या पोर्तुगीज वळणाचं, लॅटिनमध्ये घोळवायला सोपं. मी ते घेतलं आणि शेवटी "ई" लावला, म्हणजे रोमन i. मी आजवर वाचलेली माणसांची शंभरेक नावं अशीच होती, सगळ्यांच्या शेवटी ई. ती शंभरही माणसं पुरुष होती, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. निबंध तपासणाऱ्या दोघांनी वीस पानांवर शेरे मारले. स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही. त्या ईकडे मात्र कोणी बघितलं नाही.

छापायच्या आधीची प्रत आली. दुरुस्त्या कळवायला दोन दिवस. मी ऐटीत ती मावशीपुढे ठेवली. तिने चष्मा लावला, बोट ठेवून अक्षरं जुळवली आणि तिथेच थांबली.

"सर, हितं ई का?"

"लॅटिन आहे ते, मावशी. तसंच असतं."

"ई तर बाप्याला लावतात. माझा बा चर्चमध्ये लॅटिन गायचा. सेंट पीटरचं असलं की शेवटाला ई. मारियेचं असलं की शेवटाला ए. ह्या ईने तर हा ह्यांचा मासा झाला. आमच्या नवऱ्याचा."

खरं सांगतो, पाच सेकंद मला ते पटलंही. मग माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. "मावशी, काका-काकी. मामा-मामी. मुलगा-मुलगी. ई कोणाला लागतो? बाईला! मग?"

"ते मराठीत, सर."

"शास्त्र शास्त्र असतं. गाणं वेगळं आणि शास्त्र वेगळं."

ओठावरचे खवले हिनेच दाखवले होते, सत्तावीस हिनेच मोजले होते, हे सगळं माहीत असताना मी हे बोललो. ती "बरं" म्हणाली आणि ट्रे उचलून आत गेली. मी छापणाऱ्यांना कळवलं, दुरुस्ती नाही.

निबंध छापून आला आणि महिन्याभरात तिचा निरोप समारंभ. हॉलमध्ये फुगे, समोशांचा वास, पहिल्या रांगेत ती नव्या साडीत आणि शेजारी नवरा, कडक इस्त्रीचा शर्ट. पाहुणे म्हणून दुसऱ्या कॉलेजातले एक ज्येष्ठ विभागप्रमुख. त्यांनी निबंध वाचलेला नव्हता, फक्त नाव वाचलेलं. आणि आमच्या दुर्दैवाने त्यांना लॅटिन येत होतं. ते माइकवर म्हणाले, "नावाच्या शेवटी ई आहे, त्याअर्थी हा मासा बाईंच्या यजमानांच्या नावाचा. अशा विज्ञानप्रेमी कुटुंबाचं कौतुक केलं पाहिजे. यजमानांनी कृपया मंचावर यावं."

आणि अहो, तो गेला! एक क्षण बायकोकडे बघितलं, शर्ट खाली ओढला आणि गेला. शाल, श्रीफळ, फ्रेम केलेला माशाचा फोटो, सगळं त्याच्या हातात. टाळ्या. फोटो. मावशी खाली बसून टाळ्या वाजवत होती. उठून ओरडावं असं मला वाटलं, आणि मी उठलो नाही. प्राचार्य शेजारी होते, पाहुणे मोठे होते, आणि चूक माझी होती. यातलं तिसरं कारण खरं.

त्या आठवड्यात मी नियमांचं पुस्तक शोधून काढलं. हवं होतं तेव्हा का नाही काढलं, विचारू नका. नियम सरळ होता. पुरुषाला ई, बाईला ए, म्हणजे लिहायला ae. आणि दिलासा असा, की मूळ लेखात माणूस बाई आहे असं स्पष्ट लिहिलं असेल तर शेवट दुरुस्त करता येतो. मी लिहिलं होतं. "आमच्या प्रयोगशाळेतील ज्या बाईंच्या अंगठ्याने ही जात प्रथम ओळखली त्यांच्या सन्मानार्थ." तेवढं एक वाक्य माझ्या बाजूने उभं राहिलं. अर्ध्या पानाची दुरुस्ती छापायला आठ महिने गेले. ती हातात आली त्या दुपारी मी बाळकुमला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा.

नवरा बाहेर गेलेला. भिंतीवर फ्रेममधला गुलाबी मासा, खाली त्याची शाल घडी करून ठेवलेली. मावशीने सरबत दिलं. मी कागद पुढे केला. "मावशी, चुकलं माझं. तुम्ही सांगत होतात ते बरोबर होतं. आता ए झालाय. आता मासा बाईचा."

तिने चष्मा लावला, बोट ठेवून शेवटापर्यंत गेली. तोंडभर हसली. मग तिचं हसू जरा उतरलं.

"कोनच्या बाईचा, सर?"

"म्हणजे? तुमचा."

"ह्या आडनावाच्या ह्या घरात चार बाया हायत. सासू हाय माझी, ती अजून हाय. दोन जावा. नि मी. सासू तर म्हनेल, माझाच मासा."

मी म्हटलं, आता शब्द बदलता येत नाही, नियमच आहे, शेवट तेवढा बदलता येतो. हे म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. माशाला आम्ही आडनाव दिलं आणि स्वतःचं नावही दिलं. हिला मात्र स्वतःचं म्हणून जे दिलं ते नवऱ्याचं आडनाव. दुसरं काही लिहायचं म्हटलं असतं तरी मला लिहिता आलं नसतं. चार माशांच्या परांवरचे काटे मला तोंडपाठ होते. हिचं नाव मला माहीत नव्हतं.

सरबताचा ग्लास मी खाली ठेवला. विचारायची लाज वाटत होती, तरी विचारलं.

"मावशी, तुमचं नाव काय?"

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग कळलं, मी खरंच विचारतोय. तिने नाव सांगितलं. लहानसं, बापाने ठेवलेलं नाव. मी "सुंदर आहे" का कायतरी पुटपुटलो.

तिने माझ्या खिशाला लावलेलं पेन काढून माझ्या हातात दिलं आणि तो दुरुस्तीचा कागद कोऱ्या बाजूने उलटा करून पुढे सरकवला.

"लिहून घ्या, सर," ती म्हणाली. "स्पेलिंग मी सांगते."