दुखऱ्या डिस्कवरची पट्टी
काल गुडघा खरचटला म्हणून चिकटपट्टी काढली आणि तिच्या वासासरशी नगरमधल्या एका जुन्या दवाखान्यातली नाताळाआधीची दुपार आठवली. तिथल्या सगळ्या नोंदी सांभाळणाऱ्या युनिक्स सर्व्हरमध्ये दोन जुळ्या डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाई तेच दुसरीवरही उमटे. त्यातली एक बंद पडली होती आणि सगळा कारभार उरलेल्या एकीवर चालला होता. चालू मशीनमधूनच खराब डिस्क काढून मला नवी बसवायची होती. चुकून चांगली ओढली असती तर केसपेपर, रिपोर्ट सगळंच थांबलं असतं, आणि बाहेर पार शेवगाव-खर्ड्याहून आलेल्या पेशंटची रांग होती. खराब डिस्कचा नंबर पुन्हा पुन्हा जुळवूनही माझा हात पुढे जाईना. शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर मेट्रनबाईंनी विचारलं, “दुखणारी कोणती?” “खालची,” मी म्हणालो. त्यांनी खिशातली चिकटपट्टी काढून खालच्या डिस्कवर लावली. “ऑपरेशनच्या आधी आम्ही पायावर अशीच खूण करतो. आता खुणेकडं बघ आणि काढ.” मी काढली. केसपेपर छापणारा बाहेरचा प्रिंटर चालतच राहिला. नवी डिस्क बसवून चांगलीवरचं सगळं तिच्यावर उतरवायची कमांड दिली, तसे पडद्यावरचे टक्के हळूहळू वाढू लागले. “चढतोय ते चांगलंच ना?” बाईंनी ताप बघावा तसं वाकून विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी घरून आणलेला नाताळच्या फराळाचा डबा उघडला, आणि दोन्ही डिस्क सारख्या होईपर्यंत आम्ही करंज्या खात बसलो. पुढे मी याहून कितीतरी मोठी मशीनं सांभाळली, पण काम चालू असताना इतक्या निवांतपणे कुणाबरोबर बसल्याचं आठवत नाही.