सगळेच ठीक असलेली सकाळ

ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणत. पूर्ण नाव भित्री भागूबाई, पण पहिला शब्द तोंडावर म्हणायचा नाही एवढी सभ्यता लोकांत शिल्लक होती. तीही निमूटपणे ओ देई. खोटं काय होतं त्यात? घराबाहेर पडली की गॅस बंद केलाय ना हे बघायला ती जिन्यातून परत यायची, आणि खाली उतरली की आता कुलूप नीट लागलंय ना हे बघायला पुन्हा वर. नवरा म्हणायचा, "ऑफिसात घाबरण्याचा पगार मिळतो हिला. घरी मात्र फुकट घाबरते."

पगाराचं खरंच होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी 'हाक' नावाचं ॲप चालवणाऱ्या कंपनीत ती तपासनीस होती. ॲपचं काम सरळ. सकाळी उठलं की फोनवर 'मी ठीक आहे' हे बटण दाबायचं. दाबलं की नातेवाइकांच्या फोनवर आपल्या नावापुढे हिरवा ठिपका उमटतो. दुपारपर्यंत दाबलं नाही तर ठिपका लाल, आणि कंपनीचा माणूस दारात. ॲपमध्ये काही बदल झाला की तो अपडेट आधी भागूबाईच्या हाताखालून जायचा, आणि यातून काय काय वाईट होऊ शकेल याचा विचार करत ती बसायची. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिची एक रीत होती. नवा अपडेट एका फोनवर चढवायचा, तो फोन फडताळात ठेवायचा आणि त्याला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा ठिपका लाल झाला, तरच अपडेट पास. अंथरुणातून न उठलेल्या माणसाचा फोन कसा वागतो, ते तिला बघायचं असे. टवाळ पोरं त्या फोनला 'रुसलेली सासू' म्हणत. जाता-येता चौकशी करत, "काय सासूबाई, अजून अबोलाच का?" तेव्हा अपडेट महिन्यातून एकदा निघायचा, त्यामुळे सासूबाईंना रुसायला भरपूर सवड होती.

मग घाईसाहेब आले. हे नवे साहेब चहासुद्धा उभ्याने प्यायचे, तोही निम्मा.

"महिन्याला एक अपडेट?" पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं. "आपण ॲप चालवतो की मासिक काढतो? बाकीचे रोज देतात. आपणही रोज द्यायचा."

"पण साहेब, तो फडताळातला फोन..." भागूबाई चाचरत म्हणाली. "त्याला दीड दिवस तरी हात न लावता ठेवावा लागतो. तोवर त्याच्यावर पुढचा अपडेट येऊन आदळेल."

"मग नका ठेवू. चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त. रोज देण्याचा फायदाच तो."

"आणि चूक दिसलीच नाही तर?"

"अहो, तुम्ही एवढ्या घाबरता, तुम्हाला नाही दिसणार तर कोणाला?"

सगळे हसले. भागूबाईही हसली, कारण साहेब विनोद करतात तेव्हा न हसण्याएवढं धाडस तिच्यात नव्हतं. सासूबाईंची रवानगी खणात झाली आणि अपडेट रोज पहाटे निघू लागला.

भागूबाईला एक मावशी होती. आईची थोरली बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी. गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. रोज दुपारी तिचा फोन यायचा. समोरच्या शिंप्याकडे कोणाच्या ब्लाउजवरून भांडण झालं, वरच्या मजल्यावरची सून किती वाजता घरी आली, सगळं साग्रसंगीत. भागूबाई काम करत हं हं म्हणत राही. "ऐकतेयस की मी भिंतीशी बोलतेय?" मावशी डाफरायची.

त्या दिवशी जेवणाचा डबा बंद करताना भागूबाईच्या ध्यानात आलं, की आज मावशीचा फोन नाही. कालही नव्हता. तिने फोनवर ठिपका बघितला. हिरवा. कालही हिरवाच दिसला होता, म्हणून तर तिने काल फोन केला नव्हता. हायसं वाटलं, पण क्षणभरच. दोन दिवस पोटात बातमी ठेवून गप्प बसेल, ती मावशी कसली?

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

मावशीने बटण कधी दाबलं, ते तिने कंपनीच्या पडद्यावर उघडून बघितलं. पहाटे, उजाडण्याआधी. उशीत तोंड खुपसून झोपण्याच्या वेळेला? तिने खालचं नाव बघितलं. एक आजोबा. तेच मिनिट. त्याखाली एक आजी. तेच मिनिट. ती पडदा खाली सरकवत गेली. हजारो म्हातारी माणसं एकाच मिनिटाला जागी झाली होती, आणि एकजात ठीक होती.

त्याच मिनिटाला अपडेट पोचला होता. फोनवर चढला की ॲप आपणहून बंद व्हायचं, आपणहून उघडायचं, आणि उघडताना 'मी ठीक आहे' असं आपणच कळवून टाकायचं. रोज अपडेट, म्हणून रोज हिरवा. माणूस असो वा नसो.

भागूबाई पर्स न घेता पळाली. किल्ल्यांचा जुडगा तेवढा हातात होता, त्यात मावशीची किल्ली होती. टॅक्सीत ती एकसारखी फोन लावत होती आणि मधेमधे तो ठिपका बघत होती. इतका टवटवीत हिरवा रंग तिने जन्मात बघितला नव्हता.

किल्ली फिरली, पण दार बोटभर उघडून अडलं. आतून साखळी. फटीतून दिसलं, भर दुपारी दिवाणखान्यात दिवा जळत होता.

"मावशी!"

आवाज नाही.

गळ्यात टेप अडकवलेला शिंपी समोरच्या दारातून बाहेर आला. "तरी म्हटलं, दोन दिवस माझ्या गिऱ्हाइकांवर कोणाची नजर कशी नाही."

"मग दार का नाही वाजवलंत?"

"वाटलं, कुठे पाहुण्या म्हणून गेल्या असतील. मीही जरा निवांत..." त्याने भागूबाईचा चेहरा बघितला आणि वाक्य तिथेच सोडलं. खांदा लावून त्याने दाराला धडक दिली. दुसऱ्या धडकेला साखळी चौकटीतून उखडली.

मावशी न्हाणीघराच्या उंबऱ्यात आडवी होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, डोळे मिटलेले, ओठ फुटलेले. भागूबाईला पुढचं पाऊल टाकवेना. आयुष्यभर जे जे मनात रंगवून ती घाबरली होती, ते सगळं समोर पडलेलं होतं.

तेवढ्यात ओठ हलले.

"शिंप्याला आत कोणी घेतलं गं?"

भागूबाई मटकन खाली बसली आणि हुंदके देत मावशीच्या तोंडात चमच्याने पाणी घालू लागली. शिंप्याने ॲम्ब्युलन्स बोलावली.

"काल सकाळी पडले," मावशी तुटक तुटक सांगत होती. "फोन तिथे टेबलावर. म्हटलं बरंय, बटण दाबलं नाही, म्हणजे दुपारी येतील. तू सांगितलं होतंस ना. जिन्यात पाऊल वाजलं की वाटायचं, आले."

भागूबाईने पुढचा चमचा तिच्या ओठांशी नेला.

ॲम्ब्युलन्समध्ये एका हाताने मावशीचा हात धरून तिने घाईसाहेबांना फोन लावला. "साहेब, हिरवे ठिपके खोटे आहेत. अपडेटच बटण दाबतोय. सगळे लाल करा, आत्ता."

"डोकं ठिकाणावर आहे का? हजारो घरांत एकदम घबराट उडेल!"

"उडू दे. घाबरले की दार वाजवतील."

"उद्याच्या अपडेटमध्ये दुरुस्त करू ना शांतपणे."

"आणि आज जो पडलाय त्याने उद्यापर्यंत काय करायचं?" आपला आवाज एवढा चढू शकतो हे तिलाही नवीन होतं. "तुमची आजी आहे ना 'हाक'वर?"

"आहे. हिरवी आहे. रोज बघतो मी."

"बघता. बोललात कधी?"

पलीकडून फोन तुटला. भागूबाई पडद्याकडे बघत राहिली. गाडी सिग्नलला थांबली, निघाली, पुन्हा थांबली. मावशीने विचारलं, "कोण मेलं?" भागूबाईने तिचा हात घट्ट दाबला.

फोन वाजला. साहेबांचा आवाज ओळखू येत नव्हता. "आजी बोलली. चष्मा फुटलाय तिचा, गेल्या आठवड्यातच. तेव्हापासून बटण दिसतच नाही, म्हणून दाबलेलंही नाही. आणि मी रोज..." ते थांबले. "लाल करतोय. सगळे. माणसं पाठवतोय दारोदार."

"हो."

"भागूबाई, पुढचा अपडेट कधी द्यायचा मग?"

"आधी सगळी दारं उघडू देत, साहेब. मग दीड दिवस थांबायचं की महिना, ते बोलू."

तिच्या फोनवरचा ठिपका लाल झाला. मावशी तर शेजारीच होती, तरी तिच्या काळजात धस्स झालं. गाडीच्या काचेबाहेर इमारती मागे सरकत होत्या. त्यांतल्या कुठल्या खिडकीमागे आता फोन वाजत असेल आणि कोणी कुरकुरत उठून तो घेईल, आणि कुठे तो नुसताच वाजत राहील, हे तिला ठाऊक नव्हतं. मावशीने हात ओढून घेतला.

"जरा हळू धर. मोडलेला पाय आहे, हात नाही."

भागूबाईने हात सैल केला, पण सोडला नाही.