सूनबाईंचं खादाड बिऱ्हाड

आमची सून जंतू पाळते. लोकांच्या सुना मांजर पाळतात, फार तर पोपट. हिची हौसच वेगळी!

ती सोन्याच्या कारखान्यात टाकीवर आहे. तिथला दगड इतका भिकारडा, की ट्रकभर फोडावा तेव्हा अंगठीपुरतं सोनं निघतं. तेही गंधक-लोखंडाच्या कवचात दडून बसलेलं, कुठल्या औषधाला दाद देत नाही. मग दगडाची भुकटी टाकीत ओततात आणि हिचे जंतू ते कवच कुरतडून खातात. सोनं मोकळं होतं. जंतूंना लागते हवा, ऊब आणि सूनबाईंची माया. त्यातली थोडी माझ्या लेकाच्या वाट्याला आली असती तर बरं झालं असतं.

वर त्याच जंतूंची एक बादली आमच्या न्हाणीघरात! "असू द्या हो आई, अडीअडचणीला." तांबडं, आंबट पाणी, त्यात पंप बुडबुडतोय. त्याचे शिंतोडे उडून माझ्या पायपुसण्याची पार चाळण झाली.

मध्यंतरी कारखान्यात पाहुणे यायचे होते. वास नको म्हणून साहेबांनी टाकीत चक्क फिनेल ओतवलं. झालं! जंतू जेवत असले की टाकी आपोआप तापते. ती गार पडली. "जंतू जगले नाहीत तर टाकी बंद आणि आम्ही सगळे घरी," असं म्हणून सून मटकन खाली बसली.

मला तिचं तोंड बघवेना. म्हटलं, "मग बादली काय शोभेला ठेवलीस? ऊठ!"

भुकटी चारून चारून आम्ही बादलीचं पिंप केलं. नेमकी वीज गेली, पंप बंद. हवा नाही तर जंतू गुदमरणार, म्हणून दोघी आळीपाळीने काठीने ढवळत बसलो. शेजारीण डोकावली, "काय शिजतंय?" म्हटलं, "सोनं." ती फणकाऱ्याने निघून गेली.

धुऊन घेतलेल्या टाकीत पिंप रिकामं झालं. त्यानंतर सून रोज चेहरा पाडून घरी यायची. "अजून गारच आहे, आई." "अगं, नवी जागा आहे, रुळतील," मी खेकसायची.

आज ती डबा विसरली म्हणून मी फाटकापर्यंत गेले. तिने मला हाताला धरून ओढतच आत नेलं आणि माझा तळवा टाकीच्या पत्र्यावर टेकवला.

"अगं बाई, ताप भरलाय की गं हिला!" मी ओरडलेच.

सून माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. सगळे कामगार बघत होते. बघू देत.