बाजूचा वारा

"सीटले बूड लावू नको बे. मले धुवा लागन मंग."

भर चौकात बोलला छोटे शेठ. कापसाच्या जिनिंगवाल्याचा पोरगा. मी पांढरकवड्याचा सायकल मिस्त्री, त्याच्याहून दहा वर्सानं मोठा. आमच्या दुकानाची रीतच हाय, चाक कसलं की मिस्त्रीनं स्वतः एक चक्कर मारून पाहाची, मंगच गिऱ्हाइकाले द्याची. अब्बानं शिकवलेली. लोकं हासले. मी पायडलवरचा पाय काढून घेतला.

सायकल शर्यतीची. आधी पोहाचं, मंग सायकल, मंग पळाचं, तसली शर्यत. नळ्या गोल नाही, पट्टीसारख्या चपट्या. चाकाच्या कडाही रुंद. समोरचा वारा कापाले. पण हायवेवर धरून उभा होतो, तं बाजूनं ट्रक गेला अन् हँडल हातातच मुरडलं. म्हटलं, "छोटे शेठ, समोरचं चाक साधं लावा. जराशी हळू जाईन, पण हातात राहीन."

"पंक्चरवाल्यानं मले हवा शिकवू नये."

दोन दिवसानं ट्रकच्या वाऱ्यानंच पडला. खांद्याचं हाड मोडलं.

मोठ्या शेठनं मले जिनिंगवर बोलावलं. कापसाले भाव नव्हता, लोकं सायकली इकून राह्यले होते. दुकानात माशा. घर चालत होतं अब्बानं दुकान सोडून जिनिंगमधे धरलेल्या हमालीवर. अब्बा तिथंच उभा होता, दाढीत रुई.

"कान पकड," शेठ म्हणाला. "म्हण, चाक मी ढिलं ठेवलं."

कापसाच्या बैलबंड्या घेऊन आलेले लोकं पाहून राह्यले. अब्बानं मान खाली घातली. मी कान पकडले. म्हटलं. सांगाले लाज वाटते, पण म्हटलं.

आठवड्यात शाळेतली बाई, माही जुनी गिऱ्हाइक, माह्या दुकानावरून सायकल ढकलत दुसरीकडं गेली. माह्याकडं पाह्यलंही नाही. अरे, माह्या हातानं कसलेलं चाक आजवर निखळलं नाही! तेवढंच तं हाय माह्यापाशी.

मंग शेठचा मुनीम कागद घेऊन आला. अपघात मिस्त्रीच्या चुकीनं झाला, असं लिहिलेलं. सही पाहिजे होती.

"चाक घट्ट होतं," मी म्हटलं. "सही नाही करत."

"येडा झाला काय? बाप घरी बसन तुहा."

बसला. दुसऱ्याच दिवशी बसला. अब्बा माह्याशी बोलत नाही. भाकर पुढं ओढते अन् तोंड फिरवते. मी काय करू? शेठपुढं माहं काहीच चालत नाही.

उद्या बाजार हाय. बंड्या येतीन. जिनिंगच्या फाटकात उभा राहून त्या सगळ्यायले सांगणार हाव, त्या दिवशी मी खोटं बोललो. शेठ मारन तं मारू दे.