बेटावरचा शेंदूर

धरणाच्या फुगवट्यात, आमच्या गावासमोर, बाभळींचं एक बेट होतं. पाणी भरलं की होडीशिवाय तिथं जाता यायचं नाही. माझे सासरे मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. मी त्यांना मामा म्हणायची. एरवी गरीब गाय, पण बेटावर कुणाची कुऱ्हाड दिसली की अंगात आल्यासारखे नाचायचे.

नवी नवरी होते तेव्हा मला हसू यायचं. काटेरी झाडांवर कसलं आलंय एवढं प्रेम! मग एका पावसाळ्यात त्यांनी मला होडीतून नेऊन दाखवलं. वाऱ्यानं उठलेल्या लाटा बेटावर आपटून तिथंच दमत होत्या. आमच्या काठच्या रानापर्यंत नुसतं डुचमळलेलं पाणी येत होतं. बुडालेल्या फांद्यांत माशांची बोटभर पिल्लं दाटीनं लपली होती आणि वर बगळ्यांची घरटी.

"ही झाडं गेली की माती जाईन, माती गेली की बेट जाईन," मामा म्हणाले. "मंग सोसायटीनं काय धरावं, बेडकं?"

तेव्हापासून मीही त्या बेटाची झाले.

पुढं दुष्काळ पडला. पाणी इतकं आटलं की बेट काठाला जोडलं गेलं. आता होडी नको की काही नको, कुणीही चालत जावं. चाऱ्यापायी माणसं वेडीपिशी झाली होती. आधी फांद्या जाणार, मग बुंधे जाणार, हे मामांना दिसत होतं. सोसायटीची मीटिंग झाली, बेट राखायचा ठराव झाला. राखायचं कुणी, यावर मात्र सगळ्यांनी तंबाखू चोळली. मग मामांनी स्वतःची अक्कल चालवली. बेटावरच्या एका धोंड्याला शेंदूर फासून आले आणि गावात उठवलं, "देव निंघालाय. पाल्याला हात लावू नका."

घ्या! देव निघाला म्हटल्यावर लोक घरी बसतात होय? नवसाची बोकडं घेऊन मंडळी हजर. कापलं, शिजवलं, जेवली आणि जळणाला देवाच्याच बाभळी तोडल्या. वर म्हणे, देवाचं लाकूड देवाच्याच निवदाला! माझं डोकंच फिरलं. मी तोंडाची फटकळ.

"मामा, देव बसवला का खानावळ काढली?"



देवाचं ऐकलं ते फक्त एका बाईनं. माळावर राहणारी, चार शेळ्यांवर पोट असलेली. ती रोज बेटाच्या कडेला यायची, धोंड्यापुढं डोकं टेकायची आणि उपाशी शेळ्या तशाच माघारी हाकायची. एक दिवस त्यातली एक शेळी कडेलाच बसली ती उठेचना. मी जेवणावर बसलेल्या मामांना सांगितलं. घास तसाच ठेवून ते उठले. त्यांच्यामागं मीही गेले.

"माय, ने पाला," ते तिला म्हणाले. "देव-बिव काय न्हाई. म्याच शेंदूर फासलाय."

ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "फासला आसंल तुमी, दादा. पर मी रोज त्याच्याफुडं डोकं टेकलंय. आता त्यो न्हाईच, आसं कसं म्हणू?"

"आगं, मी सांगतो ना!"

"मंग तुमीच इचारा त्याला. तुमचं आयकंल त्यो."

मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी खाली पडलेल्या शेळीकडं बघितलं, मग तोडलेल्या बुंध्यांकडं. पायातल्या वहाणा काढल्या. हात जोडून म्हणाले, "देवा, हिला वरवरचा पाला नेऊ दे. बुंध्याला ती हात लावायची न्हाई."

बाई मात्र जागची हलली नाही.

"काय म्हणला?" तिनं विचारलं.

"ने म्हणला," मामा म्हणाले, आणि त्या धोंड्यापुढं पहिल्यांदाच खाली वाकले.