अर्ध्या वाक्याचा अभिनय

आमचे वडील, आप्पा, धडधाकट असताना त्यांच्या दुखवट्याला अख्खी भावकी जमली, ती माझ्या नॅचरल अभिनयामुळे.

मी दौंड स्टेशनात तिकीट खिडकीवर बसतो. रेल्वे कॉलनीच्या गणपतीत नाटक ठरलं आणि बाप गेल्यावर रडणाऱ्या मुलाची भूमिका मला मिळाली. मुख्य भूमिका! (तोवर माझी सगळी कारकीर्द हातात भाला धरून उभं राहण्यात गेलेली.) पण पहिल्याच तालमीत दिग्दर्शक देशमाने सर म्हणाले, "तुम्ही रडताय, की गाडी लेट असल्याची घोषणा करताय? जरा मालिका बघा. टीव्हीवरचे लोक कसं नॅचरल करतात, शिका. रविवारपर्यंत जमलं नाही, तर भूमिका पार्सल ऑफिसातल्या खैरेला!"

खैरेला? मी त्याच संध्याकाळी टीव्हीपुढं मांडी ठोकली. बायको, सुनंदा, आधी खूश झाली. मग मी एकच रडण्याचा प्रसंग मागं नेऊन पुन्हा पुन्हा बघू लागलो, तशी ती बारीक डोळे करून बघायला लागली.

मला मात्र शोध लागला होता! मालिकेतला दुःखी माणूस वाक्य कधीच पुरं करत नाही. तो दाराची चौकट धरतो, आवंढा गिळतो, अर्धंच बोलतो आणि भिंतीकडं बघतो. बस्स, हाच नॅचरल अभिनय! मी सराव खिडकीवरच सुरू केला.

"सायेब, केडगाव एक द्या."

मी आवंढा गिळला. "केडगाव..." आणि भिंतीकडं बघितलं.

"आवो, काय झालं केडगावाला? गाडी सुटंल की!" मागची रांग ओरडायला लागली.

घरी सुनंदानं विचारलं, "अहो, आमटीत मीठ बरोबर आहे ना?" मी चौकट धरली. "सुनंदा... मीठ..." ती उठली, बॅग भरली आणि शिरूरला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "नाटक संपलं की फोन करा. पण पुरं वाक्य बोला!"

रविवार उजाडला. मी मोबाईल फडताळात उभा करून स्वतःचा व्हिडिओ काढला. चौकट धरली, ओठ थरथरवले. "आप्पा... आपले आप्पा..." डोळ्यांत चक्क पाणी आलं! (कांद्याचा थोडा हात होता.) व्हिडिओ सरांना पाठवला, मोबाईल चार्जिंगला लावला आणि तरंगतच ड्युटीवर गेलो. भूमिका आता माझीच!

व्हिडिओ सरांना गेलाच नव्हता. तो गेला होता आमच्या गावच्या 'भावकी कासुर्डी' या ग्रुपवर.

त्यात आप्पा नेमके सकाळीच डोळे दाखवायला दौंडला निघालेले, हे अख्ख्या गावाला ठाऊक. (आप्पांचा मोबाईल कायम घरी, खुंटीला.) भावकीनं मला फोन लावले, ते बंद घरात वाजत राहिले. मग टेम्पो निघाला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बरोबर पिठलं-भाकरीचं गाठोडंही घेतलं. आप्पांची डेमू गाडी सिग्नलला अडकली आणि टेम्पो हायवेनं पुढं पोचला. दाराला कुलूप! माणसं सरकारी दवाखान्यात गेली असतील असं समजून सगळे अंगणातच बसले आणि बायकांनी सूर लावला.

तेवढ्यात आप्पा आले. लेकाच्या दारात भावकी बसलेली, रडारड चाललेली. आमच्याकडं अशा ठिकाणी कोण गेलं म्हणून विचारायची पद्धत नाही. गेल्या पावली डोक्यावर टॉवेल घ्यायचा आणि खाली बसायचं. आप्पा मागच्या मागं बसले आणि त्यांनी हंबरडा फोडला. सगळ्यांच्या माना खाली, मागं कोण रडतंय ते बघतो कोण?

मी जेवायला घरी आलो तर हे दृश्य! टॉवेलखालचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून शेजारी टेकलो.

"आप्पा, कोण गेलं हो?"

टॉवेल वर झाला. आप्पा माझ्याकडं बघतच राहिले. "तूच की रं!"

तो आवाज ऐकून पुढच्या रांगेतले चुलते, बाजीनाना, वळले आणि भाकरीच्या गाठोड्यावरच बसले. "आप्पा! तुमी तर... आवो, तुमी गेलाय नव्हं?"

"मी कवा गेलो? मी डोळं दाखवाया आलोय!"

"मंग बाळू व्हिडिओत कशापायी रडतोय?"

सगळी भावकी माझ्याकडं बघायला लागली. मी घरातली चौकट शोधली, ती कुलपामागं होती. "नाना... ते नाटक..." पुढचं वाक्य खरोखरच सुचेना!

आप्पांनी पायातली वहाण काढली, उगारली आणि तशीच खाली टाकली. "गाढवा, मला वाटलं तूच गेलास." एवढंच म्हणून त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं. मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

"थांबा! कुणी हलू नका!" समोरच्या क्वार्टरमधून देशमाने सर धावत आले. त्यांनी सगळं खिडकीतून बघितलं होतं. "आप्पा, तुम्ही टीव्ही बघता?"

"न्हाई बा. दिसतंय कुठं?"

"नाटकात काम कराल?"

सरांनी त्याच दिवशी नाटक बदललं. आता मुलगा मरतो आणि बाप रडतो. मुख्य भूमिका आप्पांची. पडदा उघडल्यापासून आडवं पडून राहायची भूमिका माझी.

प्रयोगात आप्पांनी टॉवेल डोक्यावर घेतला आणि माझ्याजवळ बसून ते असे रडले, की मंडप गप्प झाला. पहिल्या रांगेत शिरूरहून आलेली सुनंदा पदर डोळ्यांना लावून बसलेली. आणि मला अंगणात उगारून खाली टाकलेली ती वहाण आठवली. कांदा नाही, चौकट नाही, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुढच्या रांगेतलं एक पोरगं ओरडलं, "आई, मेलेला माणूस रडतोय!"

पडदा पडल्यावर सर म्हणाले, "बाळासाहेब, एवढं नॅचरल रडणं मी आजवर पाहिलं नाही. फक्त मेल्यावर रडायचं नसतं, एवढं पुढच्या वर्षी लक्षात ठेवा."