कोसावरून ऐकू येणारी गाडी

माझा स्वभावच काळजीचा. गाडी चालू झाली नाही तर काळजी, आणि पहिल्याच किकला चालू झाली तर आज हिला झालंय तरी काय, याची काळजी. बायको म्हणायची, "तुमी झोपेत बी आठ्या घालून निजताव." अशा माणसानं मोटारसायकलींच्या शर्यतीच्या नादी लागायलाच नको होतं. मी लागलो, आणि त्यापायी रोजच्या पोटापाण्याची गाडी बदलून बसलो.

तेव्हा मी राणीसावरगावच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक डाक्टरच म्हणायचे आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. दहा-बारा गावं माझ्याकडं होती. निम्म्या गावांना सडक नव्हती, नुसता चढ होता, मुरूम होता आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या. माझी गाडी सेकंडहँड, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. मागच्या कॅरिअरवर सुयांचा डबा आणि रुंद तोंडाचा थर्मास. थर्मासात बर्फ, बर्फात लशीच्या बाटल्या. गाडी हळू जायची, पण पहिल्या गिअरमध्ये कसलाही चढ कुरकुर न करता चढायची. तिच्या या गुणाचं मला कधी कौतुक वाटलं नाही.

जवळच्या एका गावच्या यात्रेत बैल पळवायचे. बैल पळून झाले की त्याच सरळ पट्ट्यावर पोरांनी दोन वर्षांपासून मोटारसायकली पळवायला सुरुवात केली होती. बक्षीस म्हणजे फेटा आणि नारळ. आदल्या वर्षी मी दुसरा आलो. पहिला आला तो सेलूच्या एका जिनिंगवाल्याचा मुलगा, आणि आमच्या दोघांत फरक होता एका चाकाचा. ते एक चाक वर्षभर माझ्या डोक्यात फिरत राहिलं. एखाद्या गाईला तपासताना, तिच्या पोटावर कान लावलेला असतानाही, मी मनात तो पट्टा पुन्हा पळत असे.

परभणीत एक उस्ताद होते. टू-स्ट्रोक गाडीचा आवाज ऐकून आत काय दुखतंय ते सांगायचे. माझ्यासारखंच त्यांचंही निदान रुग्णाला न विचारता चालायचं. मी त्यांना म्हटलं, "उस्ताद, यंदा पहिला यायचंय. पण गाडी रोज लागते."

त्यांनी हात पुसले, चहा मागवला आणि मला समोर बसवलं.

"साहेब, इंजिन एकच हाय. त्याची ताकद खाली ठेवायची का वर, ते तुमी सांगा. दोनी जागी न्हाई भेटत."

मग त्यांनी मला दोन वाटा दाखवल्या. एक, मागच्या चाकाची दातेरी चक्री बदलायची, सिलेंडर आतून साफ करायचा, बस्स. गाडी थोडी पळेल, चढही चढेल. दोन, मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर लावायचा आणि शर्यतीच्या मापाचा सायलेन्सर बसवायचा. मग अर्ध्या एक्सलेटरपर्यंत गाडी झोपल्यासारखी राहील, आणि त्यानंतर एकदम झटका देईल. "असा झटका की तुमची टोपी मागं राहील," उस्ताद म्हणाले. "पण हळू चालवली की पेट्रोल जास्त पिणार, प्लग काळा होणार. चढावर तर रडवणार. पट्ट्यावरची गाडी हाय ती, डोंगराची न्हाई."

शहाण्या माणसानं चक्री बदलून घरचा रस्ता धरला असता. मी पंधरा दिवस घोळ घातला. वहीच्या मागच्या पानावर चक्रीचे दात लिहिले, खोडले. गंगाखेडच्या स्टँडवर उभ्या असलेल्या गाड्यांचे सायलेन्सर वाकून वाकून बघितले, तेव्हा एकानं मला चोर समजून हटकलं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "फेटा पाह्यजे तर बाजारातून आणा की. गाडी कशाला फाडायलाव?"

शेवटी माझ्या मनानं मला एक पळवाट काढून दिली. कार्बोरेटर आणि सायलेन्सर हे काय, पाना घेऊन अर्ध्या तासात काढता-घालता येतात. शर्यतीपुरते लावायचे, दुसऱ्या दिवशी जुने परत. उस्तादांनी मला ते काम शिकवलंही. जुना कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून हातात दिला आणि म्हणाले, "रेस झाली की हा लावा. इसरू नका."

पट्ट्यावर पहिल्यांदा गाडी सोडली तेव्हाचा तो झटका आजही अंगात आहे. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा रडू आलं होतं. सव्वीस वर्षं ज्यानं जपून पाय टाकले, त्या माणसाला कुणीतरी मागून ढकलून पुढं नेलं होतं.

आणि यात्रेच्या चार दिवस आधी शर्यत पुढं ढकलली. विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पुन्हा तापला होता. मोर्चे, बंद, रस्त्यावर जळते टायर. चार माणसांनी एकत्र उभं राहायचं नाही असा हुकूम. देवाची पालखी कशीबशी निघाली, बैल पळाले नाहीत, आम्हीही नाही. काही वर्षांपूर्वी याच मुलखात माणसांची घरं जळाली होती आणि ती धग विझलेली नव्हती. गावात एका वस्तीकडून दुसऱ्या वस्तीकडं जाताना माणसं आवाज खाली घ्यायची. अशा दिवसांत मला काळजी कशाची, तर शर्यतीची तारीख कधी लागणार याची. ही गोष्ट लिहितानाही लाज वाटते, पण तसंच होतं.

आठ दिवसांनी होईल म्हणाले. आठ दिवसांसाठी कशाला जुना कार्बोरेटर चढवायचा? मग आणखी आठ दिवस. फडक्यातला कार्बोरेटर खिडकीत बसून होता. मी त्याच्याकडं न बघता गाडीला किक मारायचो. गाडी आता फटाफटा वाजायची, गल्लीतली कुत्री मागं लागायची. बायको मागं बसली की पहिल्याच चढावर तिला उतरावं लागायचं. पदर खोचून ती माझ्या बाजूनं चालायची आणि म्हणायची, "आता मी पुढं जाऊ का, का थांबू तुमच्यासाठी?"

अशातच फडक्या आला. मेंढ्यांचा रोग. संध्याकाळी चरून आलेली धडधाकट मेंढी सकाळी पाय ताणून मरून पडलेली सापडते. ज्वारी काढल्यावर शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, खताला. मेंढपाळाला धान्य मिळतं, मेंढरांना चारा. पण सांडलेली कणसं अधाशासारखी खाल्ली की हा रोग उसळतो. वरच्या माळावर एक मावशी होत्या. नवरा वारलेला, लेक ऊसतोडीला गेलेला, साठेक मेंढरं एकटीनं सांभाळायच्या. त्यांच्या दोन मेंढ्या एका रात्रीत गेल्या. माळावरून उतरलेल्या एका गाडीवानाकडून त्यांनी निरोप धाडला. मी त्याच्याच हाती उलटा निरोप पाठवला: उद्या सकाळी नऊला लस घेऊन येतो, तोवर मेंढरं सोडू नका, जाळीतच कोंडून ठेवा.

सकाळी गंगाखेडच्या दवाखान्यातल्या फ्रिजमधून बाटल्या घेतल्या, थर्मासात बर्फ ठेचून भरला. निघताना बायको म्हणाली होती, "आज येस्टीनं जावा. फाट्याला उतरून तासभर चाला. पोचाल तरी." मी ऐकलं नाही. एसटीनं जायचं म्हणजे गाडी काही कामाची उरली नाही, हे कबूल करणं.

सडकेवर गाडी वाऱ्यासारखी गेली. माळाचा चढ लागला आणि दुसऱ्याच वळणावर तिनं मान टाकली. प्लग काढला, काळाकुट्ट, पेट्रोलनं ओला. घासला, बसवला. शंभर पावलं गेली, बंद. पुन्हा काढला. एक्सलेटर पिळावा तर मागचं चाक मुरुमात खड्डा पाडी आणि गाडी आडवी होई. हळू घ्यावी तर गुदमरे. तिसऱ्या वेळी प्लग काढताना बोटं भाजली. चैत्राचं ऊन, झाड म्हणावं तर एक पळस, त्यालाही पान नाही. मी दर पाच मिनिटांनी थर्मासचं झाकण उघडून बर्फ बघायचो, आणि उघडल्यानंच तो वितळतोय हे लक्षात आलं की घाईनं लावायचो. थोड्या वेळानं पुन्हा उघडायचो. गाडी तिथंच टाकून थर्मास घेऊन चालत निघायचं, हे मला खूप उशिरा सुचलं. शर्यतीची गाडी रस्त्यात सोडवत नव्हती, हे त्याचं खरं कारण.

पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता. मावशी जाळीला पाठ लावून बसल्या होत्या. आत मेंढरं सकाळपासून उपाशी कोंडलेली. ती ओरडत होती, एकसारखी, सगळी मिळून. माझ्या शब्दावर कोंडली होती ती.

मी थर्मास उघडला आणि हात घातला. बर्फ नव्हता. पाणी होतं. थंड होतं का? हात बाहेर काढला, पुन्हा घातला. माझाच हात तापलेला, त्याला काय कळणार! कोमट नव्हतं बहुतेक. पण थंडही नव्हतं. लस गरम झाली की तिचा गुण जातो, हे मी गावोगाव लोकांना बजावून सांगायचो.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मावशी, लस वाया गेली असेल, मी उद्या येतो. इतकंच. पण साठ मेंढरं माझ्या नावानं ओरडत होती, आणि उद्या पुन्हा याच चढावर यायचं होतं.

"धरा मावशी," मी म्हणालो.

त्यांनी एकेक मेंढी गुडघ्यांत धरली, मी एकेक सुई टोचली. शेवटची टोचून झाली तेव्हा त्यांनी मला ताक दिलं. ते तसंच ठेवून मी निघालो. परतताना वाटेत टाकलेली गाडी उतारावरून बंदच लोळवत आणली. घरी आल्याबरोबर, हातपायही न धुता, मी खिडकीतला जुना कार्बोरेटर काढून बसवला, जुना सायलेन्सरही चढवला. बायको दारात उभी राहून बघत होती. तिनं एकही टोमणा मारला नाही, आणि त्यामुळं मला जास्तच भीती वाटली.

लस लागू पडायला दहा-पंधरा दिवस लागतात. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज सकाळी अंगणात जाऊन माळाच्या दिशेला आभाळ बघायचो. तेव्हा गिधाडं पुष्कळ होती. मेलेलं जनावर कुठं पडलंय ते त्यांच्या घिरट्यांवरून कळायचं. दोनदा दिसली. गाडीवानाला विचारलं, तर पहिल्यांदा मावशींची एक मेंढी गेली होती, दुसऱ्यांदा दोन. रोग आधीच अंगात होता म्हणून गेल्या, का लस मेलेली होती म्हणून गेल्या, हे कोण सांगणार? मला आजही सांगता येत नाही.

त्याच दिवसांत शर्यत झाली. जुन्या कार्बोरेटरवरच मी उतरलो आणि पाचवा आलो. पळताना समोर कमी बघितलं, माळाकडं जास्त. फेटा सेलूवाल्याला गेला. त्याला हार घालताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि माझ्या मनात त्याच्याबद्दल काहीच उरलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी मी नवी लस घेतली, बर्फ काठोकाठ भरला आणि निघालो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू, तिच्या जुन्या चालीनं चढून वर गेली. मावशी रान बदलून दुसऱ्या शेतात बसल्या होत्या. ज्वारीच्या रानातून त्यांनी मेंढरं दुसऱ्याच दिवशी हलवली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गाडीचं, चढाचं, पाण्याचं. 

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तुमी पाण्यात दोनदा हात घातला, तवाच कळलं. त्याच्या आधीबी कळलंतं. पयलं तुमची गाडी यायची ते कळायचं बी न्हाई, एकदम म्होरं उभी ऱ्हायची. त्या दिशी कोसावरून ऐकू याय लागली, पर ईनाच."

"मग मावशी, बोलला का नाही? लस टोचू कशी दिली मला?"

त्यांनी मेंढीच्या पाठीवरचा काटा उपटून बाजूला टाकला.

"तुमी डाक्टर. तुमी बोलायची वाट बघायलते."

त्या उठल्या, जवळ आल्या, थर्मासचं झाकण स्वतः काढलं आणि कोपरापासून खाली भेगाळलेला तो हात सरळ बर्फात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग बाहेर काढून पदराला पुसला.

"हां, गार हाय," म्हणाल्या, आणि पहिली मेंढी धरली.

पुढं सहा वर्षं मी त्या भागात होतो. माळावर गेलो की मावशी आधी थर्मासात हात घालायच्या, मग मेंढी धरायच्या. दरवेळी. मी झाकण उघडून त्यांच्यापुढं धरायचो आणि त्या हात बाहेर काढून पदराला पुसेपर्यंत सुईला हात लावायचो नाही.